कोचीची राख, दिब्रूगडची भट्टी

"जालिंदरदादा, तिकिटाची वेळ बघितली. पर हितं चारलाच दिवे लागत्यात की."

धनाजीचा फोन आला तेव्हा मी विट्याच्या ऑफिसात एका गिऱ्हाइकाशी कोईमतूरच्या तिकिटावरून वाद घालत होतो. डोकं आधीच तापलेलं होतं. मी म्हणालो, "चारला लागू देत न्हाईतर तीनला. लाइटबिल तू भरतोस का मी?"

"तसं न्हाई दादा. दिवस मावळतो हितं. सव्वाचार-साडेचारला पार अंधार. आन् तुमी आक्काचं विमान साडेचारला उतरणारं धरलंय."

मी गिऱ्हाइकाला हातानं थांबवलं आणि भिंतीवरच्या नकाशाकडं बघितलं. दिब्रूगड आसामच्याही पार टोकाला आहे. तिथून थोडं पुढं गेलं की देश संपतो. घड्याळ सगळ्या देशाचं एकच, पण सूर्य घड्याळ बघून चालत नाही. तो पूर्वेला आधी उगवतो आणि आधी मावळतो. शाळेत हे सगळेच शिकतात. तरी वाईच्या गुरुजींनी "मार्गशीर्षातला शेवटचा गुरुवार, दिवस मावळायच्या आत" असा मुहूर्त दिला, तेव्हा आम्ही सगळ्यांनी डोळे झाकून संध्याकाळचे सहा धरले. डिसेंबरात आमच्याकडं दिवस सहाला मावळतो, म्हणून तो आसामातही सहालाच मावळणार. धनाजीला तिथल्या अंधाराची इतकी सवय झालेली, की हे आम्हाला माहीत नसेल असं त्याच्या मनातही आलं नाही.

गुरुवार चार दिवसांवर होता.

हे लोक कोण आणि एवढी घाई कशाची, ते आधी सांगतो. आमच्या विटा-आटपाडी भागातली, तशीच शेजारच्या माणमधली हजारो माणसं गलाईच्या धंद्यात आहेत. गलाई म्हणजे जुनं सोनं-चांदी वितळवून त्यातली भेसळ काढायची आणि शुद्ध धातू वेगळा करायचा. एक भट्टी, एक मूस म्हणजे धातू वितळवायचं भांडं, आणि भरवशाचा माणूस, एवढ्यावर हा धंदा चालतो. पाऊस नव्हता म्हणून माणसं बाहेर पडली आणि केरळापासून आसामापर्यंत सराफ पेठांच्या मागच्या गल्ल्यांत जाऊन बसली. दुकान कुठंही असो, मुळं गावात. लग्न, जत्रा, मयत, सगळं गावाला. त्यामुळं माझ्यासारख्याचं पोट भरतं. मी मिरज स्टेशनवर लोकांसाठी रिझर्वेशनच्या रांगेत उभा राहून सुरुवात केली. आज विट्यात माझं स्वतःचं ऑफिस आहे, आणि देशातला कुठला विमानतळ कुठल्या विमानतळाला कसा जोडलाय हे मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येतं.

साळुंख्यांचं घर माझं जुनं गिऱ्हाईक. थोरला वसंतराव कोचीला, धाकटा धनाजी दिब्रूगडला, आणि दोघांची आई, जिला सगळा गाव आक्का म्हणतो, ती गावात. दिब्रूगडचं दुकान चालवायचा धनाजी, पण दुकान वसंतरावाच्या नावावर. आता धनाजीला स्वतःची भट्टी घालायची होती.

त्यांच्या घरात याची एक रीत आहे. नवी भट्टी वेगळी होते तेव्हा थोरल्या भट्टीतल्या त्या दिवशीच्या पहिल्या आगीची राख नव्या भट्टीच्या तळाशी टाकायची आणि घरातल्या थोर बाईच्या हातानं आग पेटवायची. राख त्याच दिवसाची लागते. शिळी चालत नाही. ही रीत पडली तेव्हा दोन्ही दुकानं एकाच गल्लीत असायची. फावड्यावर राख घेतली, रस्ता ओलांडला, काम झालं. कोचीहून दिब्रूगडला राख न्यायची वेळ येईल असं रीत पाडणाऱ्याला कशाला सुचतंय?

रीत पाळली नाही तर पोलीस पकडत नाहीत. पण भावकी ती भट्टी वेगळी मानत नाही. या धंद्यात कागदापेक्षा भावकीच्या शब्दावर सोनं हातातून हातात जातं. भावकीनं मानलं नाही, तर धनाजी जन्मभर थोरल्याचा नोकर. वसंतरावानं परवानगी दिली होती, पण कशी, तर "रीत पाळून होत असंल तर होऊ दे. न्हाई जमलं तर ऱ्हाईल माझ्याच नावावर." मला विचाराल तर त्यानं नकाशा बघूनच हे वाक्य टाकलं होतं. गुरुवारनंतर पौष लागणार होता. पौषात कुणी भट्टी पेटवत नाही. महिनाभर थांबलं तर वसंतरावाचं मन ठिकाणावर राहील याची आक्काला खात्री नव्हती.

आता माझी तक्रारही सांगून टाकतो, म्हणजे मनात राहणार नाही. वसंतरावाच्या घरची तिकिटं मी वर्षानुवर्षं काढली. त्याच्या बायकोला बाळंतपणाला गावाला आणली, त्याचा बाप गेला तेव्हा एका फोनवर त्याला माघारी आणला. आणि मोबाइलवर तिकिटं मिळायला लागली तशी त्यानं मला चार माणसांत सांगितलं, "जालिंदर, तू नुस्ता मधला माणूस. विमान काय तू चालवतोस व्हय? बटन दाबायचं त्ये आमी बी दाबू." त्या दिवसापासून त्यानं माझ्याकडून एकही तिकीट घेतलं नाही. हे काम आक्कानं माझ्याकडं दिलं, त्यानं नाही. म्हणून ते मला पार पाडायचंच होतं.

मी पुन्हा नकाशापुढं बसलो. कोची ते दिब्रूगड सरळ रेघ मारली तर साधारण सत्तावीसशे किलोमीटर. रेघ बंगालच्या उपसागरावरून जाते. सरळ विमान असतं तर पावणेचार तासांत माणूस पोचला असता. पण विमान रेघेवरून जात नाही, प्रवासी असतील तिकडून जातं. माझं पहिलं तिकीट कोलकात्यावरून होतं. तो रस्ता रेघेच्या जवळचा, पण कोलकात्यात दुपारपर्यंत बसावं लागायचं, कारण सकाळचं दिब्रूगडचं विमान कोचीचं विमान पोचायच्या आधीच सुटत होतं. बंगळूरवरून गुवाहाटी आणि पुढं गाडीनं जायचं, तर गाडीतच रात्र.

राहिली दिल्ली. दिल्लीवरून जायचं म्हणजे जवळजवळ हजार किलोमीटरचा वळसा. कोचीहून उत्तरेला दिल्ली, तिथून काटकोनात पूर्वेला दिब्रूगड. शहाणा माणूस हसेल. पण पहाटेचं विमान धरलं तर दिब्रूगडला दुपारी अडीचच्या आत उतरत होतं. अंतर आणि वेळ यांचं नातं आपण समजतो तसं नसतं. लांबचा रस्ता लवकर पोचवतो, हे आमच्या धंद्यात रोजचं आहे.

अडचण एकच, दिल्लीचं धुकं. डिसेंबरात सकाळी दिल्लीत विमानं उतरत नाहीत, उतरली तर सुटत नाहीत. त्याच्यावर मी एक तोड काढली. कोचीहून दिल्लीला जाणारं जे विमान, तेच पुढं दिब्रूगडला जात होतं. फ्लाइटचे नंबर वेगळे, पण यंत्र तेच. ही माहिती तिकिटावर नसते. आठवडाभराच्या फेऱ्या बघून काढावी लागते. पहिलं विमान उशिरा आलं तर दुसरंही उशिरा सुटणार, कारण ते दुसरं नाहीच. मी स्वतःवर खूश झालो आणि आक्काकडं गेलो.

आक्का अंगणात शेंगा फोडत बसली होती. वय सत्तरीच्या पुढं, गुडघे गेलेले, नजर शाबूत. मी सगळं समजावून सांगितलं. तिनं मधे एकदाही तोंड उघडलं नाही. शेवटी विचारलं, "तू येणार न्हवं?"

"मी कशाला, आक्का? व्हीलचेअर सांगितलीय. विमानतळावरची माणसं तुमाला दारापर्यंत—"

"रस्ता तू काढलास. त्यो तुला ठावं. मी काय त्या माणसांस्नी 'जालिंदरनं असं सांगितलंय' म्हणून सांगत बसू?"

"आक्का, माझं ऑफिस हाय."

"माझी बी शेंग हाय," ती म्हणाली, आणि सूप बाजूला सारून उठली. मी आयुष्यभर घासाघीस करत आलोय. विमान कंपन्यांच्या माणसांकडून मी बंद झालेल्या सीटा सोडवून घेतल्यात. पण माणूस बोलतच नसेल तर घासायचं कशावर? मी माझंही तिकीट काढलं.

बुधवारी आम्ही कोचीला पोचलो. वसंतरावानं पाहुणचार चांगला केला. मला म्हणाला, "जालिंदर, दिल्लीवरनं? उलटं कशाला?" मी म्हणालो, "बटन तसं दाबलं गेलं." आक्कानं माझ्याकडं बघितलं.

गुरुवारी पहाटे त्यानं भट्टी पेटवली. कोळसा फुलला, निवला. आक्कानं राख पितळेच्या डब्यात भरली आणि वर फडकं बांधलं. वसंतराव पाया पडला. चेहरा कोरा होता. विमानतळावर सिक्युरिटीच्या मशीनमधून डबा गेला आणि अडकला. पोरगेल्या शिपायानं फडकं सोडलं, बोटानं राख चाचपली आणि विचारलं, "ये क्या है?"

माझा आवाज चढलाच. राख न्यायला बंदी आहे का, असेल तर कुठल्या कलमाखाली, साहेबांना बोलवा, असं मी सुरू केलं. त्यानं खरंच साहेबाला बोलवलं. मागं रांग थांबली. आक्का व्हीलचेअरवर बसून होती. तिनं हात लांब करून डब्यातली चिमूट घेतली, आपल्या कपाळाला लावली, आणि दुसरी चिमूट घेऊन साहेबाकडं बघितलं. साहेब कुठला होता देव जाणे, पण खाली वाकला. तिनं त्याच्या कपाळाला राख लावली. त्यानं डबा झाकला, स्वतः फडकं बांधलं आणि दोन्ही हातांनी तिच्या मांडीवर ठेवला.

"तू लय बोलतोस," आक्का मला पुढं गेल्यावर म्हणाली.

विमानात बसलो आणि तिथंच बसून राहिलो. दिल्लीत धुकं. दिल्लीनं उतरायला जागा दिल्याशिवाय कोची सोडत नाही, कारण वर जाऊन घिरट्या घालण्यापेक्षा जमिनीवर थांबलेलं बरं. मी आक्काला सांगितलं, "उशीर झाला तरी काळजी न्हाई. ह्येच विमान पुढं जाणार. ते आपल्याबिगर जाईलच कसं?"

दीड-दोन तासांनी उडालो. दिल्लीला उतरून मी फोन सुरू केला, आणि पहिला मेसेज वाचून माझे कान गरम झाले. आमचं विमान उशिरा येतंय म्हणून कंपनीनं दिब्रूगडसाठी दुसरं विमान लावलं होतं. ते वेळेवर सुटणार होतं. माझी अख्खी तोड एका ओळीत निकालात निघाली.

कंपनीची चूक नव्हती, हे आज शांत डोक्यानं कळतं. त्यांनी बाकीच्या दीडशे माणसांचा विचार केला. पण त्या घटकेला मी विमानातून उतरलो तोच तोफेसारखा. आक्काची खुर्ची ढकलणाऱ्या माणसाला म्हटलं, तू हिला घेऊन ये, मी पुढं जाऊन विमान थांबवतो. धावत सुटलो आणि समोर दिसला त्या कंपनीच्या काउंटरवर जाऊन भिडलो.

तिथं एक ड्यूटी मॅनेजर बाई होत्या. समोर पन्नास माणसं, प्रत्येकाचं काहीतरी चुकलेलं. मी माझी बाजू मांडली. एकच तिकीट आहे, एकाच कंपनीची दोन्ही विमानं आहेत, तुमच्या उशिरामुळं पुढचं चुकलं तर जबाबदारी तुमची. हे सगळं खरं होतं, पण मी ते ज्या आवाजात बोललो तो आवाज बाजारचा होता. बाईंनी पूर्ण ऐकून घेतलं. एकदाही आवाज वाढवला नाही. मग स्क्रीनकडं बघून म्हणाल्या, "सर, आपके साथ जो माताजी हैं, वो तो बैठ गयी हैं."

"बैठ गयी? किधर?"

"एअरक्राफ्ट में. गेट आपके लिए रुका है. वहाँ से फोन आ रहा है, कि माताजी कह रही हैं, मेरा आदमी आएगा तभी दरवाज़ा बंद करना."

खुर्चीवाल्याला लिफ्ट ठाऊक होती, आतला रस्ता ठाऊक होता. मी भांडत होतो तेवढ्यात त्यानं आक्काला थेट दारात नेऊन पोचवली होती. माझ्यामुळं विमान थांबलं होतं, पण मला वाटत होतं त्या अर्थानं नव्हे. त्या बाई स्वतः माझ्याबरोबर गेटपर्यंत चालत आल्या. पन्नास माणसं मागं ठेवून. वाटेत म्हणाल्या, "आप गुस्से में काउंटर पर चले गए. गेट पर जाना था." तीस वर्षं या धंद्यात आहे. मी खाली मान घालून चाललो. त्या बाईंसारखं माणूस माझ्या ऑफिसात असतं, तर मी पुण्यात शाखा काढली असती.

आक्का खिडकीपाशी डबा मांडीवर घेऊन बसली होती. "झालं भांडून?" एवढंच म्हणाली.

दार बंद झालं. पण धुक्यामुळं सकाळपासूनची विमानं तुंबली होती. आमच्यापुढं रांग. एक वाजला, दीड वाजला. दोन वाजून गेल्यावर चाकं सुटली. कंपनीच्या वेळापत्रकात दिल्ली ते दिब्रूगड पावणेतीन तासांच्या आसपास धरलेले असतात. त्यात जमिनीवरचं रांगणंही धरलेलं, आणि वर थोडी शिलकही. मी मनात जमवाजमव केली. कशीही केली तरी दिवस मावळून जात होता.

मी आक्काला खरं काय ते सांगितलं. ती म्हणाली, "विमान हाकणाऱ्याला इचार, लवकर न्हेतोस का म्हणून."

"आक्का, ही काय जीप हाय?"

तिनं हवाई सुंदरीला बोलावलं आणि तोडक्या हिंदीत आपलं आपण विचारलं. कोचीची राख, दिब्रूगडची भट्टी, दिवस मावळायच्या आत. पोरीनं सगळं ऐकलं, हसली नाही, पुढं गेली. थोड्या वेळानं परत आली ती कॅप्टनचा निरोप घेऊन. वारा आज पाठीशी आहे, चांगला जोराचा आहे, पाऊण तास तरी वाचेल, आजीला सांगा.

हे वाऱ्याचं समजावून सांगायला हवं. हिवाळ्यात हिमालयाच्या अलीकडं खूप उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडं जोरदार वारा वाहतो. त्याला जेट स्ट्रीम म्हणतात. पूर्वेला जाणारं विमान त्याच्यावर स्वार होतं. येताना तोच वारा तोंडावर घेतं. त्यामुळं दोन विमानतळांमधलं अंतर तेच असून जायचा वेळ वेगळा आणि यायचा वेगळा. नदीत होडी घातलेल्याला हे शिकवावं लागत नाही.

मी हे आक्काला सांगत होतो. डाव्या खिडकीतून बर्फाचे डोंगर दिसत होते, आणि त्यांच्यावरचं ऊन झपाट्यानं पिवळं पडत होतं. जमिनीवर दुपार एवढ्या लवकर कलत नाही. आम्ही पूर्वेकडं पळत होतो आणि सूर्य पश्चिमेकडं. वाऱ्यानं आमचा वेग वाढवला होता, त्यामुळं सूर्यही आमच्यापासून लवकर लांब चालला होता. एका हातानं मिळत होतं आणि दुसऱ्या हातानं जात होतं. आक्का मागं वळून बघत म्हणाली, "त्याच्याकडं पाठ करून पळतोय व्हय आपण?"

"व्हय."

"मग त्यो थांबायचा न्हाई," ती म्हणाली, आणि डोळे मिटून बसली.

कॅप्टननं शब्द पाळला. चाकं टेकली तेव्हा चार वाजून गेले होते, पण वेळापत्रकात धरलेल्या पावणेतीन तासांतला अर्ध्या तासाहून जास्त वेळ आम्ही वाचवला होता. उतरताना तो दाराशी उभा होता. मला वाटलं, आक्का आशीर्वाद देईल. तिनं फक्त त्याचा हात धरला, दाबला आणि सोडला. बाहेर येईपर्यंत चहाच्या मळ्यांवर तांबडी रेघ राहिली होती. धनाजीनं गाडी अशी हाणली की मी देवाचं नाव घेत बसलो. दुकानापाशी उतरलो तर पलीकडच्या सगळ्या दुकानांत दिवे लागलेले. आकाशात उजेड म्हणावा असं काही नव्हतं.

धनाजीच्या बायकोनं उंबऱ्यावर रांगोळी घातली होती. आत भट्टी सारवून तयार. गुवाहाटी, तिनसुकिया, जोरहाटहून आलेली भावकीतली सात-आठ माणसं बाकावर बसलेली. सगळ्यांना दिवस दिसत होता, म्हणजे दिसत नव्हता. धनाजी भट्टीकडं बघत उभा राहिला. एवढा धिप्पाड गडी, पण त्याला हात कुठं ठेवावेत कळेना.

मी म्हणालो, "आक्का, गुरुजींना फोन लावू का वाईला? काहीतरी मार्ग सांगतील."

"गुरुजी पंचांग उघडत्याल. उघडल्यावर त्यातनं काय निघंल त्ये त्यांच्या बी हातात न्हाई," आक्का म्हणाली. "वसंताला लाव. तोंड दिसतं त्यो फोन."

व्हिडिओ कॉल लावला. वसंतराव कोचीच्या दुकानात गादीवर बसला होता. आक्कानं फोन हातात धरला, आणि भावकीला दिसेल असा समोर केला.

"वसंता, पोचले."

"बरं झालं. पर आक्का, तितं अंधार दिसतोय."

"तुझ्याकडं काय हाय?"

"म्हंजे?"

"दुकानाभायेर जा. फोन फिरव."

तो उठला, बाहेर गेला, फोन फिरवला. कोचीच्या गल्लीत लख्ख ऊन होतं. समोरच्या गच्चीवर कपडे वाळत होते. एक माणूस डोक्यावर रुमाल धरून चालला होता.

"दिवस हाय का?" आक्कानं विचारलं.

वसंतरावानं फोन आपल्या तोंडाकडं वळवला. बाकावरची माणसं पुढं वाकली होती. सगळ्यांच्या आधी त्याला कळलं होतं, ती कुठं नेऊन ठेवणार ते.

"राख तुझ्या भट्टीची. भट्टी तुझ्यातनं निघणार. मग दिवस कुणाचा धरायचा? तू थोरला. तूच सांग. दिवस हाय का न्हाई?"

त्यानं मान वर करून उन्हाकडं बघितलं. मग वसंतराव म्हणाला, "हाय."

"समद्यांनी ऐकलं?"

बाकावरून "व्हय व्हय" झालं. आक्कानं फडकं सोडलं, राख तळाशी पसरली, त्यावर कोळसा रचला आणि काडी ओढली. धनाजीनं भाता दिला. कोळसा फुलला तेव्हा फोनवर वसंतराव अजून उन्हातच उभा होता. मला वाटलं, तो फोन ठेवेल. पण त्यानं हात जोडले आणि धाकट्याला म्हणाला, "आग मोठी करू नगंस. पयल्या दिवशी बारीक ठेव." हे त्यानं रागानं म्हटलं की मायेनं, मला आजही सांगता येणार नाही. धनाजीनं मात्र लगेच भाता हळू केला.

जेवणं झाल्यावर मी आक्काला गाठलंच. माझं डोकं ठणकत होतं. "आक्का, हे असं चालणार हुतं तर चार दिसांआधी का न्हाई सांगितलंत? कोलकात्यावरनं आरामात आलो असतो. दिल्ली नगं, धुकं नगं, पळापळ नगं."

ती उपास सोडून भाताचा घास खात होती. "चार दिसांआधी सांगितलं असतं, तर वसंतानं ऐकलं असतं?"

"का न्हाई?"

"आदी सवलत मागितली की माणूस म्हणतो, ह्यांस्नी करायचंच न्हाई. आज त्यानं बघितलं. म्हातारी पहाटं निगाली, दिल्ली फिरून आली, दिवसाच्या मागं पळून आली. आता त्यो कुठल्या तोंडानं न्हाई म्हणतोय?" तिनं पाण्याचा घोट घेतला. "आन् खरंच येळंत पोचलो असतो तर मागायचीच येळ आली नसती. त्ये बी बरंच की."

मी घासाघीशीवर मोठा झालेला माणूस. आजपर्यंत मी सवलत आधी मागत आलो, आणि अर्ध्या वेळा तिथंच मार खाल्ला. आपली बाजू आधी पूर्ण भरायची, इतकी भरायची की समोरच्याला दिसली पाहिजे, आणि मगच जे थोडं कमी पडलंय तेवढ्यापुरतं तोंड उघडायचं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. विमान कंपन्यांच्या मोठमोठ्या साहेबांसमोर बसलोय मी. त्यांच्यातला एकही असा सौदा करणारा नाही.

परत येताना वारा तोंडावर होता. दिब्रूगड ते दिल्ली जाताना लागला त्यापेक्षा बराच जास्त वेळ लागला. आक्का सगळा वेळ झोपली. विट्यात ऑफिससमोर गाडीतून उतरताना तिनं पहिल्यांदा माझ्या फीचा विषय काढला. तोपर्यंत ती त्यावर एक अक्षर बोलली नव्हती. म्हणाली, "जालिंदर, दिल्लीला तू भांडत बसलास तवा मी इमानात एकटीच हुते. तेवढं वजा धरून घे."

मी धरून घेतलं. काय करणार?

धनाजीची भट्टी आज चांगली चालते. भावकीचं सोनं त्याच्याकडं त्याच्या नावानं येतं. आसामातली चार नवी घरं त्याच्या शब्दावर माझ्याकडून तिकिटं काढतात. पूर्वेला जाणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला मी आता उतरायची वेळ सांगतो, आणि तिथं दिवस कधी मावळतो तेही. वसंतराव अजून मोबाइलवरच तिकीट काढतो. परवा त्यानं फोन करून विचारलं, कोचीहून दिब्रूगडला जायचंय, दिल्लीवरून बरं की कोलकात्यावरून. सल्ला फुकट हवा होता. मी म्हणालो, "दिल्ली." आणि पुढं काहीच मागितलं नाही. अजून माझी बाजू भरायची आहे.